४७.६० : मारिटा कॉखची धाव

[दृश्य : बाल्टिक समुद्र, रोस्टॉकचं बंदर]

पूर्व जर्मनीचा उत्तर किनारा. इथल्या विस्मार या बंदराच्या गावात १९५७ साली ४०० मीटरची धावपटू मारिटा कॉखचा जन्म झाला. ती घडली मात्र शेजारच्या रोस्टॉकमध्ये, एम्पोर क्लबात. प्रशिक्षक होते वोल्फगांग मायर. पुढे दोघांनी लग्नही केलं.

सुरुवात काही झोकात झाली नाही. १९७६च्या माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये दुखापत आडवी आली आणि उपांत्य फेरीतच माघार घ्यावी लागली. ४०० मीटरचं सुवर्ण नेलं पोलंडच्या इरेना शेविन्स्काने, तेही ४९.२९ सेकंदांच्या विश्वविक्रमासह. पुढल्या वर्षी ड्यूसेलडॉर्फच्या विश्वचषकात दोघी समोरासमोर आल्या. तिथेही शेविन्स्काच जिंकली.

आणि मग १९७८चा उन्हाळा उजाडला. एकाच मोसमात मारिटाने हा विश्वविक्रम तीनदा मोडला. तिसऱ्यांदा प्रागमध्ये, युरोपियन स्पर्धेत, ४८.९४. एकोणपन्नास सेकंदांच्या आत येणारी ती जगातली पहिली महिला.

[दृश्य : १९७९, २०० मीटरची शर्यत]

मुळात हिचा वेग होता २०० मीटरच्या धावपटूचा. १९७९मध्ये तिने २०० मीटर २१.७१ सेकंदांत पार केले. बावीसच्या आत तोवर कुठलीच महिला आली नव्हती. ४०० मीटरमध्ये शेवटच्या शंभराला पाय उचलत नाहीत, जगातल्या भल्याभल्यांची गती तिथे पडते. पण जिचा मूळ वेगच इतका मोठा, तिला पहिले दोनशे मीटर इतरांपेक्षा स्वस्तात पडतात. मारिटाच्या धावण्याचं मर्म आमच्या मते इथे आहे.

१९८०, मॉस्को ऑलिम्पिक. ४८.८८ आणि सुवर्णपदक. तिचं वैयक्तिक ऑलिम्पिक सुवर्ण हे एवढं एकच. कारण १९८४ साली सोव्हिएत गटाने लॉस एंजेलिसवर बहिष्कार घातला. पी. टी. उषाचं पदक एक शतांश सेकंदाने हुकलं म्हणून आपल्याकडे ते ऑलिम्पिक आजही हळहळीने आठवलं जातं. मारिटाला तिथे उभंही राहता आलं नाही.

मधल्या काळात विक्रमही हातचा गेला होता. १९८३मध्ये हेलसिंकीच्या पहिल्या जागतिक स्पर्धेत मारिटाने २०० मीटर आणि दोन्ही रिले जिंकल्या, पण ४०० मीटरमध्ये ती उतरलीच नव्हती. तिथे चेकोस्लोव्हाकियाच्या यार्मिला क्राटोख्विलोव्हाने ४७.९९ अशी विश्वविक्रमी वेळ नोंदवली.

[दृश्य : कॅनबेरा, ६ ऑक्टोबर १९८५]

ऑस्ट्रेलियातली विश्वचषक स्पर्धा. दुसऱ्या मार्गिकेत मारिटा. बंदूक वाजते आणि ती राखून-बिखून धावतच नाही. दोनशे मीटर साधारण २२.४ सेकंदांत. ही वेळ घेऊन २०० मीटरच्या किती तरी स्पर्धा जिंकता येतील! तीनशेला ३४.१. शेवटच्या शंभरात दमछाक दिसते, तरी घड्याळ थांबतं ४७.६० वर. विश्वविक्रम! दुसरी आलेली सोव्हिएत युनियनची ओल्गा व्लादिकिना ४८.२७ मध्ये धावली. एरवी एवढ्यात कुठलीही शर्यत खिशात असते.

पुढल्या वर्षी स्टुटगार्टला सलग तिसरं युरोपियन विजेतेपद, आणि १९८७ला टाचेच्या दुखण्याने निवृत्ती.

[दृश्य : बर्लिनची भिंत, कागदपत्रांच्या फायली]

भिंत पडली आणि फायली उघडल्या. पूर्व जर्मनीत खेळाडूंना सरकारी योजनेतून उत्तेजकं दिली जात होती, ओरल-टुरिनाबोल नावाच्या स्टेरॉइडच्या गोळ्या. वेर्नर फ्रांके आणि ब्रिगिटे बेरेंडोंक या दांपत्याने उजेडात आणलेल्या कागदांत मारिटाच्या नावापुढेही मात्रा नोंदलेल्या होत्या. चाचणीत ती कधीच दोषी आढळली नाही, आणि आपण काही वावगं केलं नाही, असंच ती सांगत आली. २०१४मध्ये जागतिक महासंघाने तिला आपल्या मानाच्या यादीतही घेतलं.

त्याच देशाची दुसरी धावपटू, इनेस गायपेल. येना शहरातल्या क्लबाच्या रिले विक्रमात आपलं नाव होतं, ते काढून टाका, अशी मागणी तिने स्वतःच केली. त्या जागी आता नुसती तारांकनाची खूण (*) आहे. कोणी काय करावं हे बाहेरून सांगणं सोपं असतं. पण दोघींना एकाच तागडीत तोलणं आम्हाला पटत नाही. गोळ्या वाटणारी यंत्रणा या दोघींपेक्षा फार मोठी होती.

२०१७मध्ये युरोपियन महासंघाने २००५ पूर्वीचे विक्रम बाजूला काढण्याचा प्रस्ताव मांडला. तो तडीस गेला नाही.

[दृश्य : टोकियो, सप्टेंबर २०२५]

कॅनबेरानंतर चाळीस वर्षं अठ्ठेचाळीसच्या आत कुणीच आलं नाही. मग टोकियोच्या जागतिक स्पर्धेत एकाच शर्यतीत दोघी आल्या. डॉमिनिकन रिपब्लिकची मारिलेइडी पाउलिनो ४७.९८. आणि तिच्या पुढे अमेरिकेची सिडनी मॅक्लॉफलिन-लेव्रोन, ४७.७८. ही मूळची अडथळ्यांच्या शर्यतीतली. त्या मोसमात अडथळे सोडून सपाट ४०० मीटरकडे वळली होती. मारिटाच्या वेळेपासून ती अठरा शतांश दूर राहिली.