खांब उभे राहीपर्यंत

3 जून 2020. दुपारी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर धडकलं. वाऱ्याचा वेग ताशी 110 ते 120 किलोमीटर. त्या दिवशी सगळ्यांचे डोळे मुंबईकडे लागले होते. मुंबई वाचली आणि बातम्या ओसरल्या. इकडे श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड आणि खाली मंडणगड-दापोलीपर्यंत गावंच्या गावं अंधारात गेली. कित्येक गावांत वीज यायला आठवडेच्या आठवडे लागले.

इथली एखादी वाडी डोळ्यांसमोर आणा. खाली सुपारी, वर नारळ, आणि त्यांच्यामधून गेलेली विजेची लाईन. किनाऱ्यावर बहुतेक गावांत ती अशीच जाते. वादळात पोफळी, म्हणजे सुपारीची झाडं, तारांवर कोसळल्या, तारांनी खांब ओढले. आता नवा खांब रोवायचा तर आधी आडवी झाडं तोडायची, ती बाजूला करायची, मग वाट सापडणार. गाडी पोचत नव्हती तिथे गावातल्या पोरांनी दोर लावून खांब ओढत नेले. दुसऱ्या जिल्ह्यांतून आलेले वायरमन भर पावसात त्यांच्यासोबत उभे होते.

वीज परत येते तीही टप्प्याटप्प्यानं. आधी उपकेंद्र, मग मोठी लाईन, मग डीपी म्हणजे गावातला ट्रान्सफॉर्मर, सगळ्यात शेवटी घरापर्यंतची तार. म्हणून बाजारपेठेत दिवे लागले तरी वाडीच्या टोकाचं घर अंधारातच.

पण दिवसभराची खरी ओढाताण पाण्याची होती. नळपाणी योजना पंपावर चालते, ती बंद. घरच्या विहिरीवरही मोटर बसलेली, रहाट कधीच मोडीत गेलेला. पोहरा आणि सुंभ शोधण्यापासून सुरुवात. त्यात लॉकडाऊन. मुंबईचे चाकरमानी गावी परतलेले, म्हातारा-म्हातारीच्या घरात आता आठ-दहा माणसं. प्यायला, स्वयंपाकाला, धुण्याभांड्याला, गोठ्यातल्या गुरांना, एवढं पाणी शेंदलं कुणी? बहुतेक घरांत बायकांनी. पहाटे एकदा, संध्याकाळी पुन्हा. पंचनाम्यात पडलेली झाडं मोजली गेली, उडालेले पत्रे मोजले गेले. हे पाणी कुठल्याच रकान्यात आलं नाही, आणि ते यायला हवं होतं असं आम्हाला ठामपणे वाटतं.

गिरणी बंद, म्हणून पीठ नाही. भाकरीऐवजी दोन्ही वेळा भात, नाहीतर पेज. घरात इन्सुलिनची बाटली असेल तर फ्रिज बंद पडल्यावर ती ओल्या फडक्यात गुंडाळून माठाजवळ ठेवायची.

आणि फोन. टॉवरच बंद, त्यामुळे आईवडील सुखरूप आहेत हे मुंबईतल्या लेकरांना लगेच कळेना. रेंजसाठी लोक घाटातल्या वळणापर्यंत जात. ज्याच्याकडे जनरेटर, त्याच्या ओटीवर चार्जरांचा गुंता, प्रत्येक फोनला नावाची चिठ्ठी. नुकसानीचे फोटो त्या फोनमध्येच, मुंबईशी बोलणं त्याच्यावरच. 15 जूनला शाळा ऑनलाईन सुरू झाल्या, तोवर पुष्कळ गावांत वीज आलेली नव्हती. इथल्या मुलांचं ते वर्ष इतरांपेक्षा उशिरा सुरू झालं, याची दखल फारशी कुणी घेतली नाही.

एकेका वस्तीत दिवे येत गेले. कुठे आले आणि दुसऱ्या दिवशी फांदी पडून पुन्हा गेले. पाऊस तर आता रोजचाच होता, आणि उडालेल्या छपरावर ताडपत्री.

वर्षही भरलं नव्हतं. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्यालगत वर सरकू लागलं. ते गुजरातकडे जाणार असं हवामान खातं सांगत होतं. तरीही आदल्या दिवशीच इथल्या घरांत टाक्या, पिंपं, कळशा भरल्या गेल्या. फोन चार्ज झाले, दळण आणून ठेवलं. आणि पोहरा, नवा सुंभ बांधून, विहिरीच्या काठावर.