खोकल्याआडचं अक्षर

श्रोतेहो, नमस्कार.

पावसाळ्यात मीडियम वेव्हवर बातम्या लावलेल्या असतात, बाहेर वीज कडाडते आणि त्या खरखरीत निवेदकाचा एखादा शब्द बुडतो. तरी बातमी कळते. आपण म्हणतो, अंदाजाने कळलं. पण १९७० साली रिचर्ड वॉरन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की गोष्ट अंदाजाच्या बरीच पुढे जाते. बुडालेलं अक्षर आपल्याला चक्क ऐकू येतं.

वॉरन यांनी एक इंग्रजी वाक्य टेपवर घेतलं. त्यात ‘लेजिस्लेचर्स’ असा शब्द होता. त्यातला ‘स’ आणि आजूबाजूच्या ध्वनींचा थोडा भाग त्यांनी काढून टाकला आणि तिथे तेवढाच खोकला बसवला. सगळा मिळून ०.१२ सेकंदांचा तुकडा. हे वाक्य २० जणांना ऐकवलं. मध्ये खोकला येणार आहे, हे त्यांना आधीच सांगितलं होतं. मग छापील वाक्य हातात देऊन विचारलं, खोकला कुठे आला ते दाखवा, आणि त्याने एखादं अक्षर पुसलं गेलं का तेही सांगा. १९ जण म्हणाले, सगळी अक्षरं आहेत. उरलेल्या एकाने अक्षर गेल्याचं सांगितलं, पण भलतंच. खोकल्याची नेमकी जागा तर एकालाही दाखवता आली नाही. काय कापलंय हे माहीत असून पुन्हा ऐकलं, तरी तो ‘स’ ऐकू येतच राहतो.

मला यातला पुढचा भाग जास्त विलक्षण वाटतो. खोकला काढून तिथे नुसती शांतता ठेवली, तर तुटलेली जागा लगेच लक्षात येते. म्हणजे मेंदू वाटेल तिथे भर घालत नाही. आवाजाखाली अक्षर झाकलं गेलं असण्याची शक्यता असेल, तरच तो ते पुरवतो. शांततेखाली काही झाकलं जात नाही, हे तो जाणतो. हा हिशेब आपल्या नकळत, शब्द कानावर पडता पडता होऊन जातो.

आणि तो कधी कधी पुढच्या शब्दासाठी थांबतोसुद्धा. वॉरन यांनी शब्दाचं पहिलंच अक्षर खोकल्याने झाकलं आणि ते कोणतं हे ठरवणारा शब्द वाक्याच्या शेवटी ठेवला. ऐकणाऱ्यांना त्या शेवटच्या शब्दाला जुळणारं अक्षर सुरुवातीला ऐकू आल्याचं त्यांनी नोंदवलं. मराठीत कल्पना करून पाहा. ‘नळ’ किंवा ‘फळ’ या शब्दाचं पहिलं अक्षर खोकल्यात गेलंय. वाक्य ‘गळतोय’ने संपलं तर नळ, ‘पिकलंय’ने संपलं तर फळ. जे आधी ऐकलं असं आपल्याला वाटतं, ते नंतर ठरलेलं असू शकतं.

अक्षरांचं सोडा, आवाजाची पट्टीसुद्धा आपण अशीच पुरवतो. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर साधारण १०० ते १२० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला तितक्या कंपनांच्या, आसपास असतो. जुन्या लँडलाइनवरून ३०० हर्ट्झच्या खालचं जवळपास काहीच जात नसे. तरी मामांचा खर्जातला आवाज फोनवर बायकी झाला असं कधी वाटलं नाही. त्या स्वराच्या पटीतले वरचे स्वर, ४००, ५००, ६००, तेवढे पोहोचतात. त्यांच्यातलं अंतर १०० चं, म्हणून आपल्याला १०० चा स्वर ऐकू येतो, जो तारेतून आलेलाच नसतो. तळहाताएवढ्या ट्रान्झिस्टरचंही तेच. त्याचा छोटा स्पीकर खालचे स्वर नीट वाजवू शकत नाही. माझ्या आवाजाचा तळ आत्ता तुमच्यापैकी अनेकांच्या घरी तुम्हीच तयार करताय.

हे सांगताना मला घरोघरची वडीलधारी माणसं आठवतात. वयाने ऐकू येणं कमी होतं, तेव्हा सहसा आधी उंच स्वर जातात, आणि स, श, फ यांसारखी व्यंजनं त्यांच्यावरच उभी असतात. म्हणून ‘आवाज येतो रे, पण शब्द कळत नाहीत’ ही त्यांची तक्रार अगदी शब्दशः खरी असते. गळालेली व्यंजनं ते दिवसभर संदर्भावरून भरून काढत असतात, आणि त्यात मेहनत आहे. लग्नाच्या कार्यालयात तासभर बसून आजी गळून जाते, ती नुसती गर्दीने नव्हे. विषय अचानक बदलला की भरायला आधारच राहत नाही. अशा वेळी राहिलेला एक शब्द कानाशी ओरडून काही साधत नाही. आधी विषय सांगावा, मग पूर्ण वाक्य, समोर बसून, जरा सावकाश. ‘आजोबा, औषधाचं विचारतेय. सकाळची गोळी घेतलीत का?’ बऱ्याचदा एवढ्याने पुन्हा विचारावं लागत नाही.

नमस्कार.