रिकाम्या जागांची तपासणी

(दृश्य: रविवारची सकाळ. नाशिकच्या होळकर पुलावरून दिसणारी गोदावरी, मग गंगापूर रोड, एका इमारतीचा जिना.)

गोदाकाठची गर्दी मागे टाकून आपण ज्या खोलीत येत आहोत, तिथे जमलेल्यांपैकी कोणी सातपूरच्या कारखान्यात नोकरी करतात, कोणी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहेत आणि एक बाई शाळेत मराठी शिकवतात. मुक्त स्रोत सॉफ्टवेअरचा कोड लिहिणाऱ्यांचे कौतुक पुष्कळ होते; ही मंडळी मात्र त्या सॉफ्टवेअरसोबत येणारी माहितीपुस्तिका, म्हणजे डॉक्युमेंटेशन, तपासतात. आज त्यांच्यासमोर आलेल्या बदलाचे शीर्षक आहे 'फक्त फॉरमॅटिंग'. मजकुराला हात लावलेला नाही, असा पाठवणाऱ्याचा दावा आहे.

(दृश्य: मोठ्या पडद्यावर सरकत जाणाऱ्या लाल-हिरव्या ओळी.)

लाल ओळी काढून टाकलेल्या, हिरव्या ओळी नव्याने घातलेल्या. लिनस टोरवाल्ड्स यांनी 2005 मध्ये लिनक्स या संगणक प्रणालीच्या कामासाठी लिहिलेली गिट ही बदलांची नोंद ठेवणारी प्रणाली फाइलमधील फरक एरवी ओळीओळीने दाखवते. परिच्छेद 80 अक्षरांच्या रुंदीत बसवलेला असेल आणि पहिल्या ओळीत एखादा शब्द वाढला, तर तिच्या शेवटचा शब्द दुसऱ्या ओळीत ढकलला जातो, दुसरीचा तिसरीत, आणि पाहणाऱ्याला सगळा परिच्छेदच बदललेला दिसतो. एवढा पसारा समोर आल्यावर अनेक समीक्षक पान थोडे वर-खाली सरकवतात आणि मान्यता देऊन मोकळे होतात. त्यांना दोष देणेही अवघड आहे.

(दृश्य: कीबोर्डवरील बोटे, जवळून. मग पुन्हा पडदा.)

आता या बोटांकडे पाहा. आधी वापरला जातो तो रिकाम्या जागा दुर्लक्षून तुलना करण्याचा पर्याय. तो ओळीच्या आतील जागांचा फरक झाकतो, परंतु ओळ कुठे तुटली हा फरक त्याला झाकता येत नाही, त्यामुळे पडदा जवळजवळ तसाच राहतो. त्यानंतर येतो 'वर्ड-डिफ'. आता तुलना शब्दाशब्दाने होते, ओळीचा शेवट ही एक साधी रिकामी जागा ठरते, आणि सगळा रंग ओसरून पडद्यावर एकच लाल शब्द उरतो: 'नॉट'. एक विशिष्ट पर्याय सर्व्हरवर चालू ठेवू नये, असे बजावणारे इंग्रजी वाक्य ओळी नव्याने जुळवण्याच्या नादात नेमके उलट झाले आहे. गेल्या शतकाच्या विशीपासून नोटा आणि टपाल तिकिटे छापणाऱ्या या शहराला एका गळालेल्या शब्दाची किंमत समजावून द्यावी लागू नये.

(दृश्य: फळ्यावर काढलेली आकृती, एक परिच्छेद, दोन प्रकारे तोडलेला.)

हा त्रास टाळण्याची युक्ती जुनीच आहे. बेल लॅब्जमधील ब्रायन कर्निहॅन यांनी 1974 मध्ये युनिक्स या संगणक प्रणालीच्या नवशिक्यांसाठी लिहिताना सल्ला दिला होता की, प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर सुरू करावे आणि लांब वाक्य स्वल्पविरामासारख्या स्वाभाविक ठिकाणी तोडावे, कारण दुरुस्ती करणारा माणूस बहुधा वाक्य किंवा वाक्यांशच बदलतो. तयार पानावर या ओळी पुन्हा एकाच परिच्छेदात जुळतात, त्यामुळे वाचकाला काहीच वेगळे दिसत नाही; तपासणाऱ्याला मात्र जेवढे बदलले तेवढेच दिसते. इतका साधा उपाय माहीत असूनही आजही असंख्य प्रकल्प 80 अक्षरांची रुंदी सांभाळत बसतात, याचे या खोलीत सर्वांनाच नवल वाटते.

फळ्यावर दुसरी आकृती आहे ती स्फिंक्सची. गेऑर्ग ब्रांडल यांनी पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेच्या डॉक्युमेंटेशनसाठी तयार केलेले हे साधन 2008 मध्ये सर्वांसाठी खुले झाले, आणि 2016 मध्ये लिनक्सचा गाभा असलेल्या कर्नलच्या प्रकल्पानेही आपली पुस्तिका त्यावर आणण्यास सुरुवात केली. साध्या मजकुरात खुणा करायच्या आणि त्यातून वेबपान घडवायचे, अशी त्याची पद्धत आहे. खूण हलली की पान बदलते. शीर्षकाखालची रेघ शीर्षकापेक्षा आखूड राहिली, तर स्फिंक्स निदान इशारा तरी देते. परंतु आज्ञेसोबत लिहायच्या एखाद्या पर्यायाभोवतीच्या दुहेरी बॅकटिक (उलट्या अवतरणासारख्या) खुणा 'नीटनेटकेपणा' म्हणून काढल्या, तर त्याच्या सुरुवातीचे दोन हायफन तयार पानावर मुकाट्याने एका लांब रेघेत बदलतात. वाचक तो पर्याय तिथून उचलून टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टंकण्याच्या खिडकीत, चिकटवतो आणि आज्ञा चालत नाही.

(दृश्य: शेजारी शेजारी दोन खिडक्या, जुने पान आणि नवे पान.)

म्हणून ही मंडळी फरक वाचून थांबत नाहीत, तर जुनी आणि नवी अशी दोन्ही पाने घडवून शेजारी मांडतात. डावीकडे मेकफाइलचे, म्हणजे सॉफ्टवेअर घडवण्याच्या आज्ञांच्या फाइलीचे, उदाहरण आहे. त्यातील आज्ञेच्या ओळीची सुरुवात टॅबनेच व्हावी लागते. उजवीकडे टॅबच्या जागी रिकाम्या जागा आल्या आहेत. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, त्यामुळे संपादकातील अदृश्य खुणा चालू केल्यावरच तो फरक कॅमेऱ्यालाही टिपता आला.

मराठीच्या बाईंचा भाग वेगळा आहे. भाषांतराच्या फाइलीत मूळ वाक्यातली एक खूण हलली, तरी त्याचे मराठी वाक्य 'फझी', म्हणजे शंकास्पद, ठरते आणि कोणी ते पुन्हा तपासेपर्यंत वाचकाला इंग्रजीच दिसते.

(दृश्य: समीक्षेचा अभिप्राय टंकलिखित होत आहे.)

अभिप्रायाची भाषा मऊ आहे, मागणी ठाम आहे. ओळींची जुळवणी एका कमिटमध्ये (गिटमधील बदलांच्या एका नोंदीत) आणि मजकुराशी संबंध येणारी प्रत्येक गोष्ट दुसऱ्या कमिटमध्ये असावी. या दोन गोष्टी एकत्र आल्या की तपासणी निव्वळ उपचार उरतो, हे या गटाचे म्हणणे आम्हालाही पटते. जुळवणीचा कमिट वेगळा ठेवण्याचा आणखी एक लाभ आहे: कोणती ओळ शेवटी कोणी बदलली हे दाखवणाऱ्या 'गिट ब्लेम'ला असे कमिट वगळण्याची यादी देता येते. ही सोय 2019 मध्ये गिटच्या 2.23 या आवृत्तीत आली आणि तिच्यामुळे जुन्या लेखकांची नावे त्यांच्या ओळींपुढे बहुतांशी टिकून राहतात.

बदल पाठवणाऱ्याने दुपारपर्यंत दोन स्वतंत्र कमिट पाठवले. ओळींच्या जुळवणीचा कमिट 'नॉट' परत आल्याची खात्री करून स्वीकारला गेला. दुसऱ्यात मेकफाइलचे टॅब अजूनही चुकलेले होते, म्हणून तो परत गेला आहे.