पेन्सिल शिरली तिथं उंदीर शिरला

नमस्कार श्रोतेहो.

रात्रीच्या शांततेत उंदराने पोतं कुरतडल्याचा आवाज तुमच्यापैकी किती जणांनी ऐकलाय, ठाऊक नाही. तागाचं पोतं असेल तर आवाज खरखरीत येतो, प्लॅस्टिकचं असेल तर चिरचिर. आणि त्याच्या मागोमाग धान्य सांडल्याची बारीक सळसळ. मराठवाड्यातल्या एका गोदामात मी बावीस वर्षं गोदामपाल होतो. तूर, हरभरा, ज्वारी, पुढं पुढं सोयाबीन. आज मी तुमच्याशी उंदरांविषयी बोलणार आहे, आणि जाता जाता कबुतरं नि सापांविषयीही.

सुरुवात माझ्या मूर्खपणापासून करतो. नोकरीचं पहिलंच वर्ष. वरून निरोप आला, उंदीर फार झालेत, औषध टाका. मी बाजारातून पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट आणली, भाकरीच्या तुकड्यांना फासली आणि भिंतीच्या कडेकडेनं ठेवून दिली. सकाळी सात उंदीर मेलेले. मी खूश. तिसऱ्या दिवशी मधल्या थप्पीतून वास यायला लागला. दोनशे पोत्यांची थप्पी उतरवायला हमालांचा सबंध दिवस गेला, आणि आत काय निघालं ते जेवणाच्या वेळी ऐकणाऱ्यांसाठी सांगत नाही. पण खरी गोष्ट त्याच दिवशी दुपारी घडली. एका हमालाची पाच-सहा वर्षांची पोरगी डबा घेऊन आली होती. कोपऱ्यातला भाकरीचा तुकडा तिनं उचलला. आमचे थोरले हमाल, सगळे त्यांना तात्या म्हणत, त्यांनी धावत जाऊन तिच्या हातावर फटका मारला. तुकडा खाली पडला.

तात्या मला रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "साहेब, मारायचं औषध आणलं ते खरं. पण ते येतात कुठनं, ते बघितलं का?"

मी बघितलं नव्हतं. नंतर एका डॉक्टरांनी सांगितलं की या पेस्टला उतारा नाही. पोटात गेल्यावर पहिले एक-दोन दिवस माणूस बरा दिसतो, घरचे निर्धास्त होतात, आणि मग यकृत निकामी व्हायला लागतं. टूथपेस्ट समजून लेकरांनी तोंडात घातल्याचेही प्रकार घडतात. ही पेस्ट घरात, दुकानात, गोदामात, कुठंच आणू नका.

तात्यांची पद्धत साधी होती. संध्याकाळी गोदामाभोवती फिरायचं आणि जमिनीतलं प्रत्येक बीळ ओल्या मातीनं लिंपून टाकायचं. सकाळी जे उघडं दिसेल ते चालू बीळ, बाकीची जुनी, सोडून दिलेली. पहिल्या रात्री आम्ही एकतीस बिळं लिंपली, सकाळी नऊ उघडी होती. म्हणजे आमचं भांडण नऊ दारांशी होतं, सबंध गोदामाशी नव्हतं. मग आतून भिंतीच्या कडेनं फूटभर रुंदीचा चुन्याचा पट्टा मारला. उंदीर मोकळ्यातून जात नाही, भिंतीला अंग घासत जातो. त्याच्या अंगाच्या तेलकटपणानं भिंतीवर काळपट रेघ उमटते. पांढऱ्या पट्ट्यावर लेंड्या आणि पावलं लगेच दिसतात. थप्प्या भिंतीपासून दोन-अडीच फूट लांब आणि लाकडी फळ्यांवर घेतल्या, म्हणजे मागं वाकून बघता येतं, झाडू फिरतो.

आणि मग भोकं. इथं एक हिशेब ध्यानात ठेवा. सहा-सात मिलिमीटरची फट असली की घरातला छोटा उंदीर आत येतो, आणि अर्ध्या इंचातून मोठा उंदीरही अंग चोरून शिरतो. पट्टी कशाला हवी? शिसपेन्सिल शिरली तिथं छोटा शिरला, अंगठा शिरला तिथं मोठा. शटरच्या खालची फट, पाइप भिंतीत शिरतो तिथलं गोल भोक, मोरीची तुटकी जाळी, दाराचा कुजलेला कोपरा. भोकात नुसता कापूस किंवा फोम कोंबू नका, तो कुरतडून ते पिल्लांसाठी अंथरूण करतात. तारेची जाळी किंवा भांडी घासायची तारेची घासणी घट्ट बसवा आणि वर सिमेंट. दाराखाली पत्र्याची पट्टी.

हे सगळं का, मारून का भागत नाही? कारण उंदराची मादी साधारण तीन आठवड्यांत वितते, एका वेळी सहा-आठ पिल्लं होतात, आणि ती पिल्लं दोन-तीन महिन्यांत स्वतः विणायला तयार असतात. तुम्ही दहा मारलेत आणि अन्न, पाणी, आडोसा तसाच ठेवलात, तर रिकाम्या जागेत दुसरे दहा येणारच. हे आमच्या भागानं फार मोठी किंमत देऊन पाहिलंय. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. पडक्या घरांत धान्य तसंच राहिलं, माणसं बाहेर पालांत, आणि उंदरांना मोकळं रान. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीचा प्लेग निघाला, आणि त्यानंतर महिन्याभरात सुरतेतही प्लेगची साथ. शहाण्णव-सत्त्याण्णव सालच्या, म्हणजे 1896-97 च्या, मुंबई-पुण्यातल्या प्लेगच्या आठवणी सांगणाऱ्यांची नातवंडं तेव्हा आमच्याकडे म्हातारी झालेली होती. रोगजंतू उंदराच्या अंगावरच्या पिसवांतून येतात. म्हणून एकाएकी खूप उंदीर आपोआप मरून पडायला लागले तर हात न लावता आधी आरोग्य केंद्राला कळवायचं.

आता जे उरतात त्यांचं काय? कारण भोकं बुजवली तरी एखाद-दुसरा आत राहतोच. इथं माझं मत थोडं परखड आहे.

चिकट पुठ्ठे, ज्यांना आपण ग्लू ट्रॅप म्हणतो, ते मला अजिबात मान्य नाहीत. मुलगी पुण्यात एका कार्यालयात कामाला आहे. तिथल्या पँट्रीत शुक्रवारी संध्याकाळी कुणीतरी असा पुठ्ठा ठेवला आणि सगळे घरी गेले. सोमवारी सकाळी सफाईच्या मावशींना दिसलं ते असं: पुठ्ठ्यावर एक चिचुंद्री, एक कूस पूर्ण चिकटलेली, लांब नाक तेवढं हलतंय. अडीच दिवस. मावशींनी दया येऊन ओढून काढायला बघितलं, तर ती चावली, आणि मावशींना दवाखान्यात जावं लागलं. चिचुंद्री उंदीर नव्हेच, ती झुरळं नि किडे खाते, तुमचंच काम करते. या पुठ्ठ्यांवर पाली चिकटतात, सापाची पिल्लं चिकटतात, पाखरं चिकटतात. प्राण्यांना अनावश्यक यातना देणं 1960 च्या कायद्यानं गुन्हा आहे, आणि भारतीय जीवजंतू कल्याण मंडळानं राज्यांना हे पुठ्ठे थांबवायला सांगितलेलं आहे. इंग्लंडनं तर सामान्य लोकांच्या हातून ते 2024 पासून काढूनच घेतले. एखादा जीव चिकटलेला सापडलाच, तर जाड हातमोजे घालून खाद्यतेल हळूहळू सोडा, चिकटपणा सुटतो. ओढू नका.

दुसरी आपली घरोघरची रीत, पिंजऱ्यासकट बादलीत बुडवायचं. लहानपणी आपण सगळ्यांनीच पाहिलंय. पिंजरा बुडतो, बुडबुडे येतात, आणि काही मिनिटं तो जीव तारांना धडका देत राहतो. पाणी बघून आपण मान फिरवतो, यातच उत्तर आहे. आणि लांब माळावर नेऊन सोडणं? त्यात आपलं समाधान होतं, उंदराचं भलं बहुतेक होत नाही. अनोळखी जागी बीळ नाही, अन्न कुठं ते ठाऊक नाही; नाहीतर तो शेजारच्याच्या कणगीत जातो. पिंजरा लावलाच तर दिवसातून दोनदा तरी बघा, उन्हात ठेवू नका, आणि पकडल्यावर काय करायचं ते आधी ठरवा.

मारायचंच तर क्षणात मरेल असं मारावं. चांगल्या स्प्रिंगचा चाप हे काम करतो. पण लावण्याची तऱ्हा आहे बरं का. उंदीर नव्या वस्तूला बिचकतो, चार-पाच दिवस तिच्या वाटेला जात नाही. म्हणून आधी चाप न चढवता, नुसता खाऊ लावून ठेवायचा. गूळ आणि भाजलेले शेंगदाणे एकत्र कुटून वाटाण्याएवढी गोळी. खायची सवय झाली की मग चढवायचा. भिंतीला काटकोनात, खाऊची बाजू भिंतीकडे, आणि वर खोकं किंवा रुंद पाइप उपडा घालून, म्हणजे मांजर, पाखरू, लेकरू कुणाचा पाय त्यात जाणार नाही. रोज सकाळी बघायचा.

विषाच्या वड्यांचं एक सांगतो. त्या रक्त गोठू देत नाहीत. उंदीर चार-सहा दिवसांनी आतल्या आत रक्तस्राव होऊन मरतो, तोवर सुस्त होऊन उघड्यावर फिरतो, आणि मग त्याला मांजर, घुबड, घार उचलते. विष पुढं सरकतं. शहरात काही कार्यालयांत कोपऱ्याकोपऱ्यात काळ्या पेट्या दिसतात, त्यावर तारीख-सहीचं कार्ड. ठेकेदाराचा माणूस येतो, सही करतो, आपला सुपरवायझर शेजारी सही करतो, पेटी कुणी उघडत नाही. उंदराला मांजर साक्ष! वर्षानुवर्षं तीच वडी त्यात बुरसटलेली असते, आणि पँट्रीच्या दाराखालची फट तशीच. ठेका देताना विचारा, तुम्ही किती भोकं बुजवलीत? गप्प बसला तर दुसरा बघा.

आणि धुरीच्या गोळ्या, ॲल्युमिनियम फॉस्फाइड. हवेतल्या ओलाव्यानं त्यातून फॉस्फिन वायू निघतो. त्या प्रशिक्षित माणसानं, बंद गोदामात, माणसं बाहेर काढून वापरायच्या आहेत. घरात कणगीत टाकून त्याच खोलीत झोपलेली माणसं दगावली आहेत. किराणा दुकानदार सुट्या देत असेल तर घेऊ नका, एवढंच.

शेतकरी बंधूंनो, तुमच्याकडे बिळं बांधात असतात. बांध जितका रुंद आणि गवताळ, तितकी घुशीला सोय. तेव्हा बांध निमुळते ठेवा, गवत काढा. आणि हे काम सबंध शिवारानं एका आठवड्यात करावं. एकट्यानं केलं तर शेजारच्या शेतातून पुन्हा भरती. इंग्रजी टी सारखे उंच पक्षिथांबे पिकात उभे करा, रात्री घुबडं त्यावर बसतात. धामण दिसली तर मारू नका, ती बिनविषारी आहे आणि बिळात शिरून उंदीर धरते. साप गोदामात आला तर तो उंदरामागं आलेला असतो हे समजा. दार बंद करून लांब उभं राहा, नजर ठेवा आणि वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा. काठी शोधायला कुणी धावू नये. त्या गडबडीतही साप चावतो.

साफसफाई करणाऱ्यांसाठी एक सूचना, ती मालकांनीही ऐकावी. उंदराच्या लेंड्या कोरड्या झाडू नका. धूळ नाकात जाते. आधी जंतुनाशकाचं पाणी शिंपडून दहा मिनिटं भिजू द्या, मग हातमोजे घालून ओल्या फडक्यानं पुसा. उंदराच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. 26 जुलै 2005 च्या पुरानंतर मुंबईनं तो अनुभवलाय, आणि कोकणात भातखाचरांत उतरणाऱ्यांना तो नवा नाही. पायाला जखम असेल तर गमबूट. ते विकत आणायचं काम मजुराचं नव्हे, मालकाचं.

कबुतरांचं थोडक्यात. खिडकीच्या सज्ज्यावर विष किंवा चिकट लेप नको. दाणे टाकणं थांबवा, आणि अंडी-पिल्लं नाहीत ना ते बघून जाळी लावा. जाळी ताणलेली हवी. सैल जाळीत कबूतर अडकून लटकतं आणि मग ते काढायला तिसऱ्या मजल्यावर कुणी चढायचं यावर कार्यालयात बैठक भरते.

आमच्या गोदामाच्या वरच्या झरोक्यात शेवटची काही वर्षं गव्हाणी घुबडाची जोडी राहायला होती. नावातच गव्हाण आहे, माणसाच्या आसऱ्यानं राहणारा पक्षी. हमाल आधी अपशकुनी म्हणून कुरकुरले. मग मी झरोक्याखाली पडलेली एक करड्या केसांची गोळी फोडून दाखवली. घुबड न पचलेलं केस-हाडं अशा गोळीत ओकून टाकतं. आत उंदरांच्या तीन कवट्या होत्या, दातांसकट. तात्यांनी एक तळहातावर घेऊन बराच वेळ बघितली. त्यानंतर झरोका बंद करायचं कुणी नाव काढलं नाही.

मी निवृत्त झाल्यावर नव्या गोदामपालाचा फोन आला. म्हणाला, "काका, घुबडाच्या विष्ठेनं पोत्यांवर डाग पडतायत, काय करू?"

मी म्हणालो, "थप्पी दोन फूट सरकव आणि खाली ताडपत्री टाक."

टाकली म्हणे.

नमस्कार.