पाइनची फळी: दाब आणि वाफ

मंडळी, पाइनची किंवा स्प्रूसची कोरडी फळी घनमीटरला ४५० किलोच्या आसपास भरते. पेशींच्या भिंतींचं द्रव्य मात्र घनमीटरला सुमारे १५०० किलो असतं. म्हणजे फळीतली दोन-तृतीयांश जागा पोकळच. ही पोकळी दाबून कमी केली की ताकद वाढते. भिंतींमधलं पाणी ओढणारं द्रव्य उष्णतेनं मोडलं की कुजणं मंदावतं. ही दोन वेगळी कामं आहेत आणि एक केलं म्हणून दुसरं होत नाही.

आधी उष्णता. फिनलंडमध्ये १९९०च्या दशकात थर्मोवूडची पद्धत बसली. भट्टीत वाफ सोडून तापमान आधी १०० अंश सेल्सिअसपर्यंत नेतात, मग सावकाश १३०पर्यंत. लाकडातली ओल जवळजवळ शून्यावर येते. इथे घाई केली तर फळी आतून फाटते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. मग बाहेरच्या वापराच्या मालाला २१२ अंशांवर दोन-तीन तास. वाफेमुळे ऑक्सिजन दूर राहतो, नाहीतर लाकूड पेटेल. शेवटी पाण्याचे फवारे मारत थंड करून ओल ४ ते ७ टक्क्यांवर आणतात.

यात हेमिसेल्युलोज, म्हणजे भिंतींमधलं ते पाणी ओढणारं द्रव्य, सर्वांत आधी मोडतं आणि अॅसेटिक आम्ल सुटतं, म्हणून भट्टी स्टेनलेस स्टीलची लागते आणि पुढे स्क्रूही तेच. फळी कमी फुगते, बुरशीला दाद देत नाही, पण ठिसूळ होते. भोक पाडल्याशिवाय स्क्रू मारला तर कड तडकते. तुळईला किंवा जमिनीत पुरायच्या खांबाला हा माल वापरू नये. आपल्याकडे आणखी एक गोष्ट महत्त्वाची: वाळवी हे लाकूडही खाते. आणि पॅकिंगच्या पाइनवरचा ‘एचटी’ (हीट ट्रीटमेंट) शिक्का म्हणजे ही प्रक्रिया नव्हे. तिथे गाभा फक्त ५६ अंशांवर ३० मिनिटं ठेवलेला असतो. त्यात कीड मरते, लाकूड बदलत नाही.

आता दाब. इथे फळीची निवडच निम्मं काम करते. वर्षवलयं फळीच्या रुंद पृष्ठाला समांतर हवीत, म्हणजे दाब वलयांना काटकोनात येतो आणि हंगामाच्या सुरुवातीच्या पातळ भिंतींच्या पेशी घडीसारख्या मिटतात. वलयं तिरपी असली तर फळी एका बाजूला सरकते, उभी असली तर कठीण पट्टे नागमोडी वाकून तुटतात. गाठी दबत नाहीत, त्यांच्याभोवती चिरा पडतात. ओलसर लाकूड १४० अंशांच्या आसपास मऊ पडतं. तेव्हाच २० मिलिमीटरची फळी हळूहळू १० वर आणायची. प्रेसमध्ये हव्या त्या जाडीचे लोखंडी ठोकळे अडसर म्हणून ठेवले की जाडी नेमकी मिळते. गरम असतानाच प्रेस उघडली तर आतली वाफ फळी फोडते, म्हणून दाब न सोडता १०० अंशांच्या खाली थंड करायचं.

पण ही फळी पाण्यात टाकली की पुन्हा फुगते आणि बरीचशी मूळ जाडीकडे जाते. पेशी मिटलेल्या असल्या तरी भिंतींमधला ताण तसाच असतो, ओलीनं तो सुटतो. तो घालवायला दाब असतानाच उष्णता द्यावी लागते. जपानमध्ये सुगी नावाच्या तिथल्या सूचिपर्णी झाडाच्या लहान तुकड्यांवर १८० अंशांच्या वाफेत सुमारे ८ मिनिटं पुरली, २०० अंशांवर साधारण एक मिनिट. कोरड्या उष्णतेनं हेच साधायला कित्येक तास लागतात आणि तेवढ्यात ताकद जाते. जाड फळीत उष्णता गाभ्यापर्यंत पोचायला वेळ लागतो, तो वेगळा धरायचा.

माल घेताना एक तुकडा कापून २४ तास पाण्यात बुडवा, पूर्ण वाळवा आणि जाडी मोजा. २० ची १० केलेली फळी १०.३ मिलिमीटरवर आली तर दाबलेल्यातलं ३ टक्केच परत आलं. १६ वर आली तर ६० टक्के, आणि असा माल ओल येणाऱ्या जागी लाकडी फरशीला लावू नका.