शाळा चालवणारं घर

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेलं भाषण, संकेतस्थळासाठी थोडं संपादित करून)

नमस्कार मंडळी.

कुठल्याही कार्यक्रमात भेट झाली की आम्हा दोघांना हमखास विचारलं जातं, "शाळेचं बरं चाललंय ना?" या "बरं चाललंय"मध्ये पैशाचाही प्रश्न असतो हे मला कळतं, आणि त्यात गैर काही नाही. आज अध्यक्षांनी वीस मिनिटं दिली आहेत, म्हणून नीट उत्तर देते.

आमची आंतरराष्ट्रीय शाळा लहान आहे. शंभर-सव्वाशे मुलं, बालवाडीपासून थेट केंब्रिजच्या आयजीसीएसई या दहावीसारख्या परीक्षेपर्यंत, म्हणजे साधारण सोळाव्या वर्षापर्यंत. मी मुख्याध्यापिका. नवरा वरच्या वर्गांना गणित शिकवतो आणि हिशेब सांभाळतो. सासूबाई ग्रंथालयात बसतात. आमची मुलगी याच शाळेत शिकते. म्हणजे सकाळी घराला कुलूप लागतं ते सगळ्यांसाठी एकदमच.

दिवसाचा पहिला फोन उजाडायच्या आत येतो. कुणा शिक्षिकेला ताप आलेला असतो, कुणाचं मूल आजारी असतं. मोठ्या शाळांकडे बदली शिक्षकांची यादी असते. आमच्याकडे बदली शिक्षक म्हणजे आम्ही दोघं. चहा पिता पितादेखील दिवसाचं वेळापत्रक दोनदा मोडून पुन्हा बसवावं लागतं. त्यात आमचे काही वर्ग जोडवर्ग आहेत, दोन इयत्ता एका खोलीत. एका गटाला अपूर्णांक शिकवायचे आणि त्याच वेळी दुसऱ्या गटाकडून लिहून घ्यायचं, हे ऐनवेळी आलेल्या माणसाला जमत नाही. त्यामुळे प्रत्येक शिक्षकाच्या टेबलावर पुढच्या दिवसाची आखणी आदल्या संध्याकाळीच ठेवलेली असते. हा आमच्याकडचा सगळ्यात कडक नियम.

शाळा भरताना मी फाटकावर उभी असते. हे काम मी कुणाला देत नाही. कचेरीत कागद येण्याआधी मुलांच्या चेहऱ्यावर बातमी आलेली असते. रोज धावत येणारा मुलगा एके दिवशी बहिणीचा हात धरून हळूहळू चालत येतो, आणि मला समजतं की घरी बदलीची बोलणी सुरू झाली आहेत. आईवडिलांचा ईमेल दोन आठवड्यांनी येतो.

आता पैशाचं. फी सत्राला येते, पगार दर महिन्याला जातो, आणि शाळेच्या खर्चात सगळ्यात मोठा वाटा पगाराचाच असतो. एखाद्या कंपनीने आपलं कार्यालय दुसऱ्या शहरात हलवलं की तीन-चार कुटुंबं एकदम जातात आणि एखादा वर्ग निम्मा होतो. शिक्षिका मात्र अर्धी होत नाही, खोलीचं भाडंही अर्धं होत नाही. म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीचे पगार आम्ही वर्षाच्या सुरुवातीलाच वेगळ्या खात्यात काढून ठेवतो आणि त्याला हात लावत नाही. घराचं काय करायचं ते त्यानंतर उरलेल्या पैशात बघतो. तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे: शाळा चालते, आणि घर तिच्या मागून चालतं.

शाळेला घराचा टेकू लागतो हे काही आमच्यापासून सुरू झालेलं नाही. 1924 साली जिनिव्हात राष्ट्रसंघ आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या कामासाठी देशोदेशींची कुटुंबं आली होती. त्यांच्या मुलांसाठी जी शाळा निघाली तिचा पहिला वर्ग शिक्षणतज्ज्ञ आदॉल्फ फेरिएर यांच्या कुटुंबाच्या बंगलीत भरला. जगातल्या सर्वांत जुन्या आंतरराष्ट्रीय शाळांपैकी ती एक. त्याच वर्षी साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढलं, आणि ती मुलं उपाशी राहू नयेत म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा दिलं. त्यांच्या त्यागाशी आमची बरोबरी नाही, तसा विचारही मनात नाही. पण लक्ष्मीबाईंचं नाव मी मुद्दाम घेते, कारण संस्थेच्या ताळेबंदात घराने घातलेली भर कधी दिसत नाही.

शिक्षक नेमण्याचं कामही घरातच शिरतं. चालू वर्षाचं पहिलं सत्र संपायच्या आत पुढच्या वर्षाचे अर्ज यायला लागतात आणि जेवणाचं टेबल कागदांनी भरतं. उमेदवार ज्या ज्या देशात राहिला तिथला पोलिसांचा दाखला, आणि आधीच्या मुख्याध्यापकांशी प्रत्यक्ष फोनवर बोलणं, याशिवाय आम्ही कुणाला घेत नाही. 2014 साली आंतरराष्ट्रीय शाळांच्या संघटनांनी बालसंरक्षणासाठी एकत्र येऊन कृतिदल नेमलं, तेव्हापासून या तपासणीला सगळीकडेच धार आली आहे. एका देशात नोकरी सोडून दुसऱ्या देशात गेलेल्या माणसाची माहिती त्याच्यामागे आपोआप येत नाही. ती आपल्यालाच शोधावी लागते. रात्री उशिरा दुसऱ्या टोकाच्या देशात फोन लावावे लागतात, लागोत.

परीक्षांचे दिवस घराला सगळ्यात जड जातात. केंब्रिजच्या प्रश्नपत्रिका सीलबंद येतात, त्या कुलपात राहतात, आणि चावी ठरावीक माणसांकडेच असते. एकच पेपर जगभर एकाच दिवशी, पण घड्याळं वेगवेगळी. म्हणून प्रत्येक विभागासाठी एक "की टाइम" ठरलेला असतो. त्या वेळी परीक्षेला बसणारं प्रत्येक मूल एक तर पेपर लिहीत असलं पाहिजे, नाही तर शाळेच्या देखरेखीखाली असलं पाहिजे. एखाद्या दिवशी पेपर संपतो, पण की टाइम व्हायचा असतो. मग मोजकीच मुलं आणि नवरा एका खोलीत बसतात. फोन नाही, इंटरनेट नाही, स्वच्छतागृहापर्यंतसुद्धा कुणीतरी सोबत. बुद्धिबळाचा एक पट त्या खोलीत कायमचा ठेवला आहे. आमची मुलगी म्हणते, बाबांची आणि मोठ्या मुलांची खरी दोस्ती त्या खोलीत होते. मला ते पटतं.

मुलीचं मात्र सोपं नाही. घरी येऊन शाळेबद्दल कुरकुर करणं हा प्रत्येक मुलाचा हक्क आहे, आणि तिच्या घरी तर मुख्याध्यापिकाच बसलेली. म्हणून आम्ही तिच्या बाबतीत एक ठरवलं. तिच्या वर्गाशी, गुणांशी, तक्रारींशी माझा संबंध नाही. पालकसभेला फक्त तिचे बाबा जातात आणि तिचं काही असेल तर निर्णय उपमुख्याध्यापिका घेतात. घरी तिने शिक्षकांबद्दल काहीही बोलावं, ते शाळेत पोचणार नाही, हा शब्द तिला दिलेला आहे. तो पाळताना कधी कधी जीभ आवरावी लागते.

आता सासूबाईंचं सांगते, कारण आज मला खरं तर तिकडेच यायचं आहे. ग्रंथालयात त्या नव्या पुस्तकांना प्लॅस्टिकची कव्हरं घालतात. इंग्रजी त्यांना कामापुरतंच येतं, मुलांशी त्या सरळ मराठीत बोलतात. मागे एक सात वर्षांचा मुलगा आला. वर्गात कित्येक आठवडे एक शब्द नाही. नव्या भाषेत पडलेल्या मुलांची अशी मुकी अवस्था असते, त्यात घाबरण्यासारखं नसतं, पण वर्गशिक्षिका काळजीत होती. मधल्या सुट्टीत तो सासूबाईंच्या शेजारी जाऊन बसायला लागला. त्या कव्हर दुमडायच्या, तो चिकटपट्टी कापून द्यायचा, प्रत्येक तुकडा बोटाएवढा, एकसारखा. एकदा मी दाराशी थांबले तर आतून अखंड बडबड ऐकू येत होती. तो त्याच्या भाषेत सांगत होता, सासूबाई मराठीत "हो का? मग?" करत होत्या. दोघांचंही काही अडत नव्हतं. मी वर्गशिक्षिकेला बोलावून ते ऐकवलं. मूल मुकं नव्हतं, चांगलंच बोलकं होतं. दुसऱ्या दिवसापासून तिने त्याला आधी त्याच्या भाषेत गोष्ट लिहू दिली.

कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांनी हे फार पूर्वी दाखवून दिलं आहे. खेळण्या-बोलण्यापुरती नवी भाषा मूल साधारण दोन वर्षांत उचलतं, पण त्या भाषेत विज्ञान, इतिहास समजून घेऊन लिहिण्याइतकी ती मुरायला पाच ते सात वर्षं लागतात. आमच्याकडची बरीच मुलं दोन-तीन वर्षांत पुढच्या देशात जातात. भाषा मुरायच्या आत मूल उठून जातं. मग त्याच्याबरोबर प्रत्येक देशात जाणारी भाषा कुठली? घरची. तीच जर कच्ची राहिली तर त्याच्या हाती कुठलीच पक्की भाषा राहत नाही.

देशोदेशी वाढणाऱ्या अशा मुलांना "थर्ड कल्चर किड्स" म्हणतात. हे नाव रूथ हिल यूसीम या समाजशास्त्रज्ञ बाईंनी दिलं, 1950च्या दशकात भारतात राहणाऱ्या अमेरिकन कुटुंबांचा अभ्यास करताना. जाणाऱ्या मुलांसाठी याच विषयाचे अभ्यासक डेव्हिड पोलॉक यांनी सुचवलेल्या चार गोष्टी आम्ही पाळतो: भांडणं मिटवून जायचं, ज्यांनी जीव लावला त्यांना तसं सांगायचं, माणसांचा, जागांचा, वस्तूंचा नीट निरोप घ्यायचा, आणि पुढच्या ठिकाणाचा विचार सुरू करायचा. त्यासाठी शेवटचे दोन आठवडे वेळापत्रकात जागा ठेवलेली असते. पण मागे राहणाऱ्या मुलांचंही बघावं लागतं. आमच्या मुलीची सगळ्यात जवळची मैत्रीण दर दोन-तीन वर्षांनी बदलते. या मुलांना न बदलणारी काही माणसं लागतात, म्हणून आम्ही चांगल्या नोकऱ्यांची बोलावणी येऊनही इथेच राहिलो.

आणि आता मंडळाकडे मागणं. पुढे आयबी डिप्लोमा हा बारावीच्या तोडीचा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम करणाऱ्या मुलांना आपल्या मातृभाषेतलं साहित्य हा विषय घेता येतो. शाळेत त्या भाषेचा शिक्षक नसला तरी शाळेच्या मदतीने स्वतः अभ्यास करण्याची सोय त्यात आहे. पण सोळाव्या वर्षी मराठी कादंबरी वाचायची असेल तर सातव्या-आठव्या वर्षापासून वाचन सुटता कामा नये. शनिवारी सकाळी आमचे वर्ग रिकामे असतात. मला दर शनिवारी दीड तास मुलांना मांडीशी घेऊन वाचून दाखवणारी माणसं हवी आहेत, मराठीत आधी, आणि तुमच्या शेजारीपाजारी इतर भाषांतले कुणी तयार असतील तर त्यांनाही घेऊन या. शिकवण्याचा अनुभव नसला तरी चालेल. वाचनाची आवड आणि दर आठवड्याला येण्याची तयारी, दोन्ही हवं. आठवड्याआड येणारा माणूस मुलांना पुरत नाही.

जमेल त्यांनी आज निघण्यापूर्वी कार्यवाहांकडे नाव द्यावं. पोलिसांचा दाखला तुम्हालाही आणावा लागेल. मुलांमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला तो लागतो, आमच्या सासूबाईंनीही दिलेला आहे.