फ्रीजर कंपनीचा, दुकान कुणाचं?

(दृश्य : अशोक चौकाजवळचं किराणा दुकान. एप्रिलची दुपार.)

पारा चाळिशीपार. रस्त्यावर चिटपाखरू नाही. जे कुणी येतं, ते थेट फ्रीजरशी.

हा फ्रीजर कंपनीने फुकट दिलाय. अट एकच : आत दुसऱ्याचा माल दिसता कामा नये.

(दृश्य : झाकण सरकवणारा हात.)

वर कंपनीचे कप आणि कोन. ते बाजूला केले की तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या कुल्फ्या. मागच्या गल्लीतल्या ताई दूध आटवून त्या करतात. पूर्वी त्या विड्या वळायच्या.

दर आठवड्याला कंपनीचा माणूस येतो, झाकण उघडतो, मोबाइलवर फोटो काढतो. मागच्या उन्हाळ्यात कुल्फी सापडली आणि ऐन मे महिन्यात आठवडाभर माल आला नाही. कारण विचारायला फोन केला, तर गाडी भरलेली आहे एवढंच उत्तर.

कंपनी म्हणते, यंत्र आमचं, मग त्यात दुसऱ्याचा माल का? वरवर रास्त वाटतं. पण लाइट बिल दुकानदार भरतो, भाडं तो देतो, गल्लीची उधारी तो सांभाळतो. आणि या एवढ्याशा जागेत दुसरा फ्रीजर मावतच नाही. म्हणजे फ्रीजरवरची अट ही दुकानावरचीच अट झाली.

आयर्लंडमध्ये नेमकं हेच घडलं होतं. युनिलिव्हरची तिथली आइसक्रीम कंपनी याच अटीवर फ्रीजर द्यायची. सुमारे ४० टक्के दुकानांत दुसऱ्याचं आइसक्रीम ठेवायची सोयच उरली नव्हती. युरोपीय आयोगाने १९९८ मध्ये ती अट बेकायदा ठरवली. २००३ मध्ये न्यायालयानेही तेच कायम केलं.

आपल्याकडे स्पर्धा कायदा, २००२ आहे. कलम ३(४) नुसार, स्पर्धेला बाधा आणणारी अशी अट रद्द ठरू शकते. पण ते सिद्ध करावं लागतं. तोंडी अटीविरुद्ध, ऐन सीझनमध्ये, गल्लीतला दुकानदार दिल्लीतल्या स्पर्धा आयोगाकडे दाद कशी मागणार?

आमचं म्हणणं साधं आहे. फ्रीजरवर नाव कंपनीचंच राहू दे, दर्शनी भागही तिचाच. आतला एक कोपरा मात्र दुकानदाराच्या मर्जीचा हवा, आणि तसं लेखी हवं.

(दृश्य : संध्याकाळ. ताई स्टीलचा डबा घेऊन पायरीवर.)

डब्यात पन्नास कुल्फ्या आहेत. दुकानदार आज दहाच ठेवून घेतो. उद्या फोटोचा वार आहे.